शेहेचाळीस किलो

आधी सुतळीने पडवी मोजली.
खांबापासून खांबापर्यंत सहा फूट,
आणि बार, पंधरा किलोचा, बायकांचा म्हणतात तो,
साडेसहाला एक बोट जास्त.
म्हणजे सरळ मावणार नाही, तिरका राहील,
दाराकडे तोंड करून,
उठू की बसू अशा बेतातल्या पाहुण्यासारखा.
उतरत्या बाजूला कौलं हाताला लागतात.
तिथे डोक्यावर काही उचलायचं नाही.

हे वहीचं पहिलं पान.
दुसऱ्या पानावर एवढंच: आई, शेहेचाळीस किलो.
भाद्रपदात, सरकारी दवाखान्याच्या काट्यावर, चपलांसकट.

मार्गशीर्षात ती न्हाणीत पडली
तेव्हा मला उचलता आली नाही.
एकतीस वर्षं शाळेत तरफ शिकवली,
टेकू, बल, भार, फळ्यावर खडूने,
आणि ओल्या फरशीवर टेकूच सापडेना.
शेवटी बर्फाच्या कारखान्यातली दोन मुलं आली,
लादी उचलतात तशी तिला उचलली, हसत.
तीही हसली.
मी नाही.

रत्नागिरीच्या दुकानात सगळंच चकाकत होतं.
पळायचा पट्टा दाखवला.
म्हटलं, पाजपंढरीचा रस्ता मला फुकट आहे.
आकडे दाखवणारी सायकल दाखवली.
आमच्याकडे घड्याळातले सेलसुद्धा सहा महिन्यांत हिरवे पडतात.
एका यंत्रात अठरा व्यायाम, पुल्या, तारा, गाद्या:
तारांकडे बघूनच कळलं,
एक पावसाळा काढतील, दुसरा नाही.
"मॅडम, हा क्रोम, गंजत नाही."
म्हटलं, हर्णैला या एकदा.

नझीर वस्ता, होड्यांच्या पंख्यांची कामं करणारा वेल्डर,
म्हणाला, "वरची कातडी सुटली की वारा आतून खातो.
उघडं लोखंड घ्या.
निदान दिसेल तरी, कुठं दुखतंय."
पाइपांची घोडी त्यानेच करून दिली,
आणि न सांगता गुडघ्याच्या उंचीवर दोन हात जोडले.
हे कशाला?
"तुम्ही एकट्या. खाली अडकलात तर धरायला."
त्याचे पैसे घेतले नाहीत.

दापोलीत एक व्यायामशाळा बंद पडली होती,
चकत्या भंगारापेक्षा जरा वर जात होत्या.
दहाच्या दोन, पाचच्या दोन.
एकीवरचा आकडा घासून कुणीतरी बदाम कोरलेला.
द्रौपदी चोगलेच्या काट्यावर, सुरमईच्या जागी, ती ठेवली:
नऊ किलो आठशे.
"दोनशे ग्रॅम गंजाने खाल्लं," द्रौपदी म्हणाली,
"मासा असता तर भांडली असतीस."

खाली जेट्टीवरच्या टायरांचे तुकडे.
बाराला दर रविवारी मुशीचं तेल,
वडील होडीला लावायचे तेच.
वास जात नाही. शेजारची मांजर
व्यायामाच्या वेळेला हजर असते,
बार चाटते, नाराज होऊन जाते.

हिशेब: पंधरा, दहा, दहा, पाच, पाच.
पंचेचाळीस.
एक किलो कमी, आणि बदामाचे दोनशे ग्रॅम वेगळे.
अर्ध्या किलोची चकती इकडे कुठेच मिळेना.
आई खुर्चीतून ऐकत होती.
जुन्या जाळ्याची शिशं तिने मागवून घेतली,
दोरीत ओवली, दोन माळा केल्या,
तळहातावर तोलल्या, एकीतला मणी दुसरीत घातला.
"घे. माझ्या चपला झाल्या ह्या."

अजून त्या खुंटीवरच आहेत.
आज पंचवीस उचलले, पाच वेळा,
सहाव्यांदा नझीरच्या हातांवर टेकवले.
आई विचारते, "कुठवर आले गो मी?"
कमरेच्या थोडी वर.
"मग डोकं ठेव शेवटाला," ती म्हणते,
"ते जड आहे."
आणि मांजरीला हाकलते.